झेरॉक्सवाले काका, माझं मार्कशीट आणि आयर्विन पूल

मागच्या आठवड्यात मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला गेले तर काकांनी कागद मशीनवर ठेवता ठेवता वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, हे सगळं एकाच पोरीचं आहे ना?" त्यांची काय चूक, त्या एका पानावर स्टॅटिस्टिक्स आहे, पर्यावरण कायदा आहे, खाली जीआयएस (म्हणजे कॉम्प्युटरवरचे नकाशे), त्याच्याखाली मानववंशशास्त्राचा फील्डवर्कचा पेपर आणि सगळ्यात शेवटी दोन क्रेडिटची पॉटरी. (पॉटरीत मला सगळ्यात भारी ग्रेड आहे. माझ्या बाउलमधून पाणी गळतं.)

तर चार वर्षं, 160 क्रेडिट, इंटरडिसिप्लिनरी स्टडीज. मराठीत आंतरविद्याशाखीय. हा शब्द मी एकदा आत्याला सांगितला, तिने "बरं बरं" म्हणून पोह्यांची बशी पुढे सरकवली.

मी सांगलीची. पप्पांचं गणपती पेठेत हळद-मिरचीचं दुकान. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी दहावीत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी हे आमच्याकडे लहान पोरालापण माहीत असतं. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं होतं, त्याची खूण दुकानाच्या भिंतीवर होती, पप्पांनी त्या खुणेच्या वर दीड फूट धरून सगळी पोती रचली आणि निवांत घरी आले. पाणी 57 च्या वर गेलं. आठवड्याने शटर उघडलं तेव्हा आतला चिखल पिवळा झाला होता. भिजलेल्या हळदीला कसला वास येतो ते मी लिहून नाही सांगू शकत, पण अजून कुठे बंद गोडाऊनचा वास आला की मला पोटात कसंतरी होतं.

त्यानंतर वर्षभर सांगलीत एकच विषय, पूर का आला. कट्ट्यावर विचारा, अलमट्टी. कर्नाटकाने कृष्णेवरचं हे धरण 519.6 मीटरपर्यंत भरून ठेवलं, तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा मागे सांगलीपर्यंत आला, विषय संपला. मग पुराची कारणं शोधायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल आला, त्यात अलमट्टीमुळे पूर आला नाही असं म्हटलेलं, ते कट्ट्याने अजूनही मान्य केलेलं नाही. मामा सिव्हिल इंजिनिअर, तो म्हणायचा नाले बुजवून प्लॉट पाडले त्याचं काय ते आधी बोला. आज्जी म्हणायची, नदीच्या जागेत घर बांधलं की नदी घरात येणारच. मला हे सगळेच थोडे थोडे बरोबर वाटायचे आणि बारावीनंतर फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की यातलं एक घ्यायचं म्हणजे बाकीचं सोडायचं. सिव्हिल घेतलं तर कायदा नाही, लॉ घेतलं तर गणित नाही. पूर नावाची ब्रँच कुठेच नव्हती. म्हणून पुण्यात हा कोर्स. फीचा आकडा पप्पांनी चष्मा लावून परत वाचला, लोन काढलं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पहिलं वर्ष खरं सांगायचं तर वाया गेल्यासारखं वाटलं. सकाळी नीतिशास्त्र, दुपारी इकॉलॉजी, संध्याकाळी 'आर' या कॉम्प्युटरच्या भाषेत कोड, आणि सगळ्या बॅचला एक सवय लागली की कुठल्याही विषयावर पंधरा मिनिटं झकास बोलता येतं, सोळाव्या मिनिटाला मात्र कुणी नुसतं "कसं काय?" विचारलं की संपलं. ही सवय वाईट आहे आणि हा कोर्स घेणाऱ्या जवळपास सगळ्यांना ती लागते, मलाही लागली होती.

ती मोडली आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी. त्यांनी एका लेक्चरला दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाण्यांचं काम सांगितलं. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे एका काळच्या नाण्यांचा ढीग घेतला तर जितकी वर्षं वापर जास्त तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त, म्हणून कोसंबी जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी हजारोंनी तराजूवर तोलत बसले आणि त्यावरून त्यांचा काळाचा क्रम लावत गेले. माणूस हार्वर्डमध्ये शिकलेला गणिती, इतिहासाची डिग्री नाही. सर म्हणाले, "त्यांना एक गोष्ट पक्की येत होती, म्हणून ते दुसऱ्याच्या अंगणात जाऊ शकले. तुम्हाला काय पक्कं येतं?" वर्गात शांतता. मी त्या सेमिस्टरला प्रोबॅबिलिटी धरून बसले.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे (एनईपी) सगळीकडेच थोडं थोडं हे आलंय. माझा चुलत भाऊ सांगलीत बीएस्सीला आहे, त्याला ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं, आणि प्रत्यक्षात मिळतं ते ज्या सरांचा तास रिकामा असेल त्यांचं. तो फिजिक्सबरोबर बँकिंग शिकतो, दोन्हीची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. याला माझ्या मते आंतरविद्याशाखीय म्हणू नये, हे शेजार आहे फक्त.

गाठ पडते म्हणजे काय होतं ते मला दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घरी कळलं. पूररेषेचे नकाशे असतात, निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकाम बंद, निळी ते लाल यात अटींवर. मी हे जेवताना सांगत होते तर पप्पा म्हणाले, "म्हणजे 2019 ला येऊन गेला, आता 2044 पर्यंत काळजी नाही." आणि 2021 च्या जुलैत पाणी परत पेठेत आलेलं हे त्यांनी स्वतः बघितलेलं! मी कागद घेतला. 25 वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता, यंदा आला तरी पुढच्या वर्षी परत 4 टक्केच. आता 20 वर्षांचं होमलोन घेऊन त्या रेषेवर फ्लॅट घेतला तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता 56 टक्के निघते. पप्पा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मग असं लिहीत का नाहीत?"

माझा थिसिस तिथून निघाला. गावभागात आणि पेठेत घरोघर फिरून भिंतीवरच्या पुराच्या खुणा मोजल्या, लोकांना विचारलं की 25 वर्षांतून एकदा म्हणजे तुम्हाला काय समजतं, आणि त्या खुणा नकाशावर टाकल्या. गाइड दोन होते, एक पाण्याचे इंजिनिअर आणि एक मानववंशशास्त्राच्या मॅडम. एकाच ड्राफ्टवर सर लिहायचे "खूण कशाच्या संदर्भाने मोजली? रस्ता वर उचललाय तिथे" आणि त्याच ओळीवर मॅडम लिहायच्या "ही खूण कुणी काढली, का जपली, ते विचारलंस का?" मी एक महिना दोघांवर चिडून होते. मग एका घरी खरंच विचारलं, तर त्या आज्जी म्हणाल्या, खूण मी नाही, माझ्या सुनेने काढली, रंगारी आला की ती तेवढी पट्टी सोडून रंगवायला लावते, आणि हो, मधे फरशी नवीन घातली तेव्हा जमीन सहा इंच वर आली. म्हणजे मॅडमच्या प्रश्नातून सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्या दिवशी मी पुलावर जाऊन एकटीच भेळ खाल्ली.

तोटे पण सांगते. इंटर्नशिपला गेले तिथे पहिल्याच दिवशी हेक-रासमध्ये, म्हणजे पुराचं पाणी कुठवर जाईल ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मॉडेल चालवायला सांगितलं, बाकी सगळे सिव्हिलवाले, मला मॅनिंग्जचा एन (नदीचा तळ पाण्याला किती अडवतो तो आकडा) म्हणजे काय ते रात्री तीन वाजता यूट्यूबवरून कळलं. तीन आठवडे मी त्या टीममध्ये सगळ्यात ढ होते. आणि ऑनलाइन फॉर्म! एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, तिथे प्रश्न नाही, पण नोकरीच्या पोर्टलवर स्पेशलायझेशनच्या यादीत आपण कुठेच नसतो, आपण कायम 'इतर'. बीएडचा विचार करणाऱ्या मैत्रिणीला तर तुझा शाळेतला विषय नक्की कोणता यावरूनच अडवलं, शेवटी तिने नाद सोडला.

गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेअकराला पप्पांचा फोन आला. कोयना धरणातून विसर्ग वाढवलाय म्हणतात, वारणेतूनपण सोडलंय. मी लॅपटॉप उघडला, आकडे बघितले, पाणी पुलापाशी यायला किती तास लागतील, वरती पाऊस किती, असं सांगायला सुरुवात केली. ते मधेच म्हणाले, "तुझी टक्केवारी राहू दे बाळा. पोती वर घ्यायची का नाही तेवढं सांग."

मी म्हटलं घ्या. आणि 2019 च्या खुणेच्या वर घ्या.