पास कुणी दिला?

गणिताच्या आणि संस्कृतच्या सरांवर लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ निघतील. मी पीटीच्या सरांवर लिहितोय. नाव छापायचं नाही, ही अट त्यांनीच फोनवर घातली. १९९१च्या आगेमागे दहावी झालेल्यांना ते सांगायची गरजही नाही.

सर मूळचे खो-खोचे. सांगलीतल्या पोराने खो-खो, कबड्डी नाहीतर तालीम धरायची, अशी तेव्हाची रीत. (विजय हजारे आणि नंदू नाटेकर याच गावात जन्मले हे खरं, पण बॅट-रॅकेट घ्यायला घरात पैसे लागतात.) १९६९ साली सर कॉलेजात गेले, तिथे बास्केटबॉलच्या संघात एक गडी कमी पडत होता. सरांची उंची साडेपाच फूट, रिंग दहा फुटांवर. तरी त्यांना घेतलं ते पायांसाठी. खो-खोत बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळत साखळी खेळायची सवय, शिवाय डावीकडे खांदा टाकून उजवीकडे निसटायची हुलकावणी अंगात मुरलेली. अशा माणसाच्या हातात चेंडू दिला की झाला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन इतरांना पास देणारा गडी. शेवटच्या वर्षी ते शिवाजी विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले. ‘गेलो म्हणजे बहुतेक वेळ बेंचवर बसलो’, असं स्वतःच सांगायचे. पण बेंचवरून त्यांनी काय काय टिपलं होतं, ते आम्हाला पुढे रोज ऐकायला मिळालं.

मग बी.पी.एड., मग आपल्या शाळेत नोकरी. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा कोर्स करून आले. तिथल्या मोतीबाग राजवाड्याचं वर्णन त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की सहलीला न जाताही तो राजवाडा आम्ही पाहिलेला आहे. १९८० साली भारताचा बास्केटबॉलचा पुरुष संघ मॉस्को ऑलिंपिकला गेला होता. त्याचं कात्रण क्रीडा विभागाच्या टेबलावर काचेखाली असायचं. संघ तिथे सगळ्या मॅचेस हरला, हे सांगताना सरांचा आवाज अजिबात पडत नसे. त्यानंतर आपला संघ आजवर पुन्हा गेलेला नाही.

शाळेतला कोच म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. पगार पीटीच्या शिक्षकाचा. त्यात पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचं संचलन, लेझीम, स्नेहसंमेलनाचा मांडव आणि निवडणूक आली की तिची ड्यूटी. कोचिंग सकाळी शाळा भरायच्या आत आणि संध्याकाळी सुटल्यावर. त्या वेळेचा पगार कुणी देत नव्हतं, आणि सरांनी तो विषय काढलेलाही मी ऐकला नाही. घरी काकूंनी काढला असेल.

नव्या पोराला ते रिंगकडे बघूच देत नसत. आधी पाय. मुलांना खो-खोसारखं ओळीने बसवायचं आणि दुसऱ्यांनी त्यांच्यामधून ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, साखळी काढायची. बसलेल्याने हात घालून चेंडू पळवला की पळणारा खाली बसणार. मग पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून दुसऱ्यावर वळणं, मग छातीपासूनचा चेस्ट पास आणि टप्प्याचा बाउन्स पास. हे जमलं की मगच ले-अप, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकणं. कंटाळून पुष्कळ जण क्रिकेटला पळाले. जे राहिले त्यांच्यासाठी सरांची एक वही होती. प्रत्येक बास्केटपुढे दोन नावं, पहिलं पास देणाऱ्याचं आणि मग टाकणाऱ्याचं. घरी जाताना कुणी म्हणालं, ‘सर, आज मी सहा टाकले’, की त्यांचा एकच प्रश्न यायचा, ‘पास कुणी दिला?’ माझं नाव बहुतेक पहिल्या रकान्यात असे, त्यामुळे मला ती वही फार आवडायची.

आठवीत असताना सरांनी तीन गुणांची रेषा आखली, जिच्याबाहेरून बास्केट टाकलं की दोनऐवजी तीन गुण. आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ सालीच आली होती, आमच्या सिमेंटवर उतरायला थोडी वर्षं गेली. रिंगच्या मध्याचा ओळंबा जमिनीवर उतरवला, तिथे एकाने सुतळीचं टोक बोटाने दाबून धरलं, आणि सर सव्वासहा मीटरवर खडू घेऊन अर्धगोल फिरले. मागून आम्ही ऑइल पेंट घेऊन. त्यांच्या कॉलेजच्या काळात लांबून टाका नाहीतर खालून टाका, गुण दोनच. ‘आता बुटक्यांनाही बरे दिवस आले’, म्हणाले.

विभागीय स्पर्धेबद्दल लिहायलाच हवं. आमच्या संघात एक उंच मुलगा होता. चेंडू हातात आला की तो रिंगकडेच जायचा, आणि बरेचदा टाकायचाही. कोल्हापूरच्या त्या मॅचमध्ये पहिल्या वीस मिनिटांत आम्ही पुढे होतो, ते त्याच्याच जिवावर. उत्तरार्धात सरांनी त्याला बसवला, शेवटपर्यंत. आम्ही थोडक्यात हरलो. येताना एसटीत कुणी बोललं नाही. बऱ्याच वर्षांनी मी सरांना विचारलं, तर म्हणाले, ‘तो असता तर जिंकलो असतो. तुम्ही चौघं बघे राहिला असता.’ मला हे आजही पटत नाही. एवढ्या मोठ्या मॅचमध्ये शिकवणी घ्यायची नसते. ती मंगळवारच्या सरावात घ्यावी. तो मित्र आता नागपूरला असतो. विषय निघाला की अजून फोन ठेवून देतो, पण सांगलीला आला की पहिला सरांकडेच जातो.

सर २००९ला निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी ती रेषा पावणेसात मीटरवर गेली, तेव्हा सुतळी घेऊन स्वतः शाळेत हजर. नवे सर बिचारे संकोचले.

आता शाळेच्या महोत्सवाच्या निधीतून कोर्ट नव्याने करायचं ठरतंय. पृष्ठभाग, दिवे, फायबरचे बोर्ड, सगळ्यावर चर्चा झाली. सरांनी एकच मागणी केली आहे, की एका बाजूला पाचवी-सहावीच्या मुलांसाठी दोन मीटर साठ सेंटिमीटरवर एक ठेंगणी रिंग हवी, आणि पाच नंबरचे, म्हणजे लहान मापाचे, चेंडू. जवळपास सहाशे ग्रॅमचा मोठा चेंडू दहा फुटांवर पोहोचवायचा म्हणून लहान पोर तो कमरेपासून भिरकावतं, आणि एकदा हात तसा वळला की नववीत मोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. समितीतल्या काहींना ही रिंग फोटोत बरी दिसणार नाही असं वाटतं. माझी देणगी कार्यालयाने त्या रिंगच्या नावाने लिहून घ्यावी. नागपूरकरानेही तेच कळवलं आहे.