जाळीचा दहावा दिवस

नव्या आणलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, 16 आठवड्यांच्या झाल्या. जुन्या कोंबड्यांत सोडण्याआधी दोघींच्या मधे जाळी लावून आज दहा दिवस झाले आणि जुन्या कोंबड्या आता त्यांच्याकडे पाठ करून उकरत बसतात. पहिल्या दोन दिवसांत त्याच मान ताणून जाळीवर धावून येत होत्या. दिवस मोजून जाळी काढू नये. हे पाठ फिरवणं दिसलं की काढावी.

त्याआधीचे 30 दिवस वेगळ्या जागी गेले, ते टाळता येत नाहीत. श्वसनाचे काही आजार वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यांतूनही पसरतात. त्या काळात शेपटाखालची पिसं बाजूला करून उवा बघायच्या, शिंक ऐकायची, शिटेत रक्त आहे का ते बघायचं.

अंगभर पिसं आलेल्या तलंगेला कोरडी थंडी सहज सोसते. उपाशी पोटी रात्र काढणं मात्र सोसत नाही. थंडीत दिवस लहान, सगळ्या आतच, पळायला जागा नाही, आणि एकच खाद्यभांडं असेल तर दांडगी कोंबडी त्याच्यापाशी ठाण मांडते. तलंग दिवसभर कोपऱ्यात उभी राहते, अंधार पडला की तशीच दांडीवर चढते आणि पुढची लांबलचक रात्र रिकाम्या पोटाने काकडते. म्हणून खाद्य-पाण्याची भांडी दोन-दोन हवीत, तीही एकीकडून दुसरं दिसणार नाही अशी. आडोशाला एखादी फळी तिरकी टेकवावी, दोन्ही बाजूंनी निघता येईल अशी. एकच वाट असली की आडोशाचा सापळा होतो.

रोज संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्या की, प्रत्येक तलंगेच्या गळ्याखाली, छातीच्या किंचित उजव्या बाजूला बोटं लावून बघावीत. भरलेली अन्नपिशवी लिंबाएवढी, दाबली तर किंचित दबणारी लागते. हाताला काहीच लागलं नाही तर बाकीच्यांनी तिला खाऊ दिलेलं नाही. तिला तेव्हाच उजेडात वेगळं खायला घालावं. सकाळी हीच पिशवी रिकामी हवी. तेव्हाही कडक लागली तर खाद्य अडकलं आहे.

खाद्य सगळ्यांना ग्रोअरच, म्हणजे वाढीच्या वयातल्या पक्ष्यांचं. लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की त्या लागेल तेवढा खातात.

दांडीवर प्रत्येकीला 20 ते 25 सें.मी. जागा धरावी. दांडी रुंद, चपटी असावी, म्हणजे बसल्यावर बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. हवा खेळती राहायची फट दांडीच्या वर हवी. ऊब राहावी म्हणून सगळं बंद केलं की श्वासाची आणि शिटेची ओल आत कोंडते आणि त्या ओलीनेच तुरे गारठून काळे पडतात. सकाळी काचेवर पाणी ओघळलेलं दिसलं तर फट वाढवावी. दिवा लावून ऊब देणं मला पटत नाही. भुशाला आग लागायचा धोका आहेच, आणि वीज गेली की उबेला सवकलेल्या पक्ष्यांचे हाल होतात.

तलंगा रात्री गुपचूप दांडीवर नेऊन ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. अंधारात भांडण होत नाही हे खरं, पण उजाडताच बंद खुराड्यात टोचाटोची सुरू होते. तसं करायचं तर उजेडाआधी दार उघडायला हजर राहावं. दुपारी, बाहेर पाचोळ्यात दाणे विस्कटून, सगळ्या खाली बघत असताना एकत्र सोडणं जास्त बरं. एकटी तलंग कधीच सोडू नये, किमान दोन.

दोन-चार टोचे चालतात, कळपात कोण वरचढ हा क्रम असाच ठरतो. रक्त दिसलं की मात्र त्याच क्षणी वेगळं करावं, कारण लाल रंगावर बाकीच्याही तुटून पडतात. एकच कोंबडी छळत असेल तर तिलाच तीन-चार दिवस बाहेर ठेवावं. परतल्यावर ती स्वतःच नवखी ठरते. जखमी तलंगेला घराच्या उबेत नेऊ नये, खुराड्याइतक्याच गार पण वारा न लागणाऱ्या जागी ठेवावं. नाहीतर परत सोडताना थंडी पुन्हा नव्याने सोसावी लागते.

उद्या दुपारी जाळी उघडायची. दुसरं पाण्याचं भांडं आज रात्रीच मागच्या भिंतीपाशी ठेवलं आहे. सकाळी त्यावर बर्फ धरलं असेल तर आधी ते फोडायचं.