शिवेवरचा दगड

लेकीकडे शेफिल्डला तीन महिने राहून आले. चॅट्सवर्थचा राजवाडा पाहिला, बेकवेलला जाऊन तिथलं नावाजलेलं पुडिंग खाल्लं, कॅसलटनच्या गुहेत उतरले. सगळं सुंदर होतं, फोटोही भरपूर काढले, पण त्यावर लिहावंसं काही वाटत नाही. डोक्यातून जात नाही ते ईम नावाचं एक लहानसं गाव.

डर्बीशायरच्या डोंगरात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये हे गाव आहे. हा भाग म्हणजे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1951 सालचं. पाटी वाचून मी ‘एयाम, एयाम’ करत होते. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी हळूच सांगितलं, "ईम." आणि गावात उतरल्यावर चर्चची वाट दाखवायला ते आमच्याबरोबर चार पावलं चालतही आले. इंग्रज माणूस आपणहून बोलत नाही असं मी ऐकून होते. खेड्यातला बोलतो.

सप्टेंबर 1665 मध्ये लंडनहून या गावच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. लंडनमध्ये तेव्हा प्लेगनं थैमान घातलं होतं. कापड ओलसर होतं म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिरानं ते शेकोटीपुढे वाळत घातलं. कापडातून पिसवा आल्या. आठवडाभरात व्हिकर्स गेला, मग त्याच घरातली मुलं, मग शेजार. ती दगडी घरं अजून उभी आहेत. प्रत्येकापुढे एक पाटी, पाटीवर त्या घरातून गेलेल्यांची नावं. खिडकीत फुलांच्या कुंड्या आहेत आणि आत आजही माणसं राहतात. त्यांच्या दारात उभं राहून नावं वाचताना मला अवघडल्यासारखं झालं.

जून 1666 मध्ये गावानं जे ठरवलं त्यासाठी ईम ओळखलं जातं. चर्चचे तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे, पदावरून काढून टाकलेले थॉमस स्टॅन्ली. दोघांची मतं जुळणारी नव्हती, तरी ते एकत्र आले आणि त्यांनी गावाला तीन गोष्टी मान्य करायला लावल्या. ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्याच वावरात किंवा परसात पुरायचं. प्रार्थना चर्चमध्ये न करता उघड्या दरीत, एकमेकांपासून लांब उभं राहून करायची. आणि साथ संपेपर्यंत कुणीही शीव ओलांडायची नाही.

शीव हा शब्द मनात आला आणि मी तिथंच थबकले. आमच्या वाईकडच्या गावात साथ आली की मरीआईचा गाडा काढत. वाजतगाजत तो शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे सोडायचा. मग पुढच्या गावानं तो त्यांच्या शिवेपर्यंत न्यायचा. रोगराई अशी गावोगाव पुढं ढकलली जायची. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसायचं, आपल्या लेकराबाळांची भीती असायची. पण इथं साडेतीनशे वर्षांपूर्वी एका गावानं उलट केलं. गाडा शिवेच्या आतच अडवला आणि त्याच्याबरोबर स्वतःलाही.

तो शिवेचा दगड बघायलाच मी गेले होते. ईम आणि शेजारचं गाव स्टोनी मिडलटन यांच्या मधल्या कुरणात तो आहे. गावापासून पायवाटेनं जावं लागतं. गुडघे दुखतात, शेताच्या कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या चढताना लेकीला हात धरावा लागला. दगड म्हणजे काही उंच खांब नाही. जमिनीत अर्धा रुतलेला धोंडा, मांडीच्या उंचीचाही नसेल. त्याच्या पाठीवर गोल भोकं पाडलेली आहेत. पैशांबरोबर रोग जाऊ नये म्हणून त्यात व्हिनेगर ओतायचं आणि पैसे ठेवायचे. मिडलटनची माणसं येऊन पैसे न्यायची, धान्य आणि भाकरी ठेवायची. एकमेकांचं तोंडही बघायचं नाही. चॅट्सवर्थहून डेव्हनशायरच्या अर्लनंही अन्न पाठवलं. आदल्या आठवड्यात ज्या राजवाड्यातली चित्रं बघत मी फिरले होते, तोच हा राजवाडा.

मी भोकात बोट घातलं. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, उखळाच्या तोंडासारख्या. आत पावसाचं पाणी होतं, तळाशी शेवाळ, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेली दोन-तीन नाणी. बोट बाहेर काढल्यावर नकळत ते पदराला पुसलं आणि मला त्याची लाज वाटली.

तिथून परत गावात आलो तर दोन मोठ्या बस उभ्या. माणसं घरांपुढच्या पाट्यांचे फोटो काढून, आइस्क्रीम खाऊन पुन्हा बसमध्ये चढली. रायलीच्या शेतातल्या कबरींपर्यंत कुणी जात नाही. मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. गावाबाहेर चढावर अर्ध्या तासाची वाट आहे, तेवढी चालायला हवी होती.

रायलीच्या शेतात उतारावर एक बुटका गोल दगडी कठडा आहे. आत सहा लहान शिळा आणि मधोमध एक चौथरा. हॅनकॉक कुटुंब. ऑगस्ट 1666 मध्ये, 3 तारखेपासून 10 तारखेपर्यंत, एलिझाबेथ हॅनकॉकनं नवरा आणि सहा मुलं पुरली. मदतीला कुणी नाही, कारण नियमच तसा. सांगतात की ती तोंडाला फडकं बांधून, प्रेताच्या पायाला कापड अडकवून ओढत शेतात न्यायची आणि स्वतः खड्डा खणायची. मिडलटनच्या बाजूच्या टेकडीवरून माणसं ते बघत असत, पण जवळ येत नसत. ती स्वतः वाचली आणि नंतर शेफिल्डला मुलाकडे गेली. शेफिल्डला, जिथून आम्ही सकाळी बसनं आलो होतो.

मी कठड्यावर बसले. आजूबाजूला मेंढ्या चरत होत्या, एक कोकरू आईच्या पोटाखाली शिरून ढुशा देत होतं. लेक म्हणाली, "आई, निघूया का? बस चुकेल." मी म्हटलं, "चुकू दे गं." मी शिळांवरच्या तारखा एकेक करून वाचल्या. 3 ऑगस्ट, 7 ऑगस्ट, 9, 10. मधल्या दिवसांत ती काय करत असेल, हे सारखं मनात येत होतं. गाय पिळली असेल. उरलेल्यांना काहीतरी शिजवून घातलं असेल.

एक गोष्ट मला तिथं फार टोचली. तेव्हा पिसवांचं कुणालाच ठाऊक नव्हतं. 1898 साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरची पिसू प्लेग पसरवते. आपल्याकडच्या लोकांनाही शास्त्र माहीत नव्हतं, पण घरात उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं, एवढं कळलेलं होतं. माझी आजी पाच-सहा वर्षांची असताना अशा झोपडीत राहिलेली. ईमची माणसं मात्र त्याच घरांत, त्याच उंदरांच्या सोबतीनं राहिली. 260 माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीनही ऑगस्टमध्येच गेली. तिची कबर चर्चच्या अंगणात आहे. आपली मुलं त्यांनी आधीच बाहेरगावी धाडली होती, ती वाचली. आसपासच्या गावांत साथ पसरली नाही म्हणतात. ईमच्या लोकांनी घरं सोडून रानात मुक्काम केला असता तर किती वाचले असते, हा हिशेब मी कठड्यावर बसून करत राहिले. आणि लगेच सावित्रीबाई आठवल्या. 1897 मध्ये मुंढव्याचं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या, आणि त्याच आजारानं 10 मार्चला गेलेल्या. त्यांनी तरी कुठला हिशेब केला होता?

बस चुकलीच. पुढची येईपर्यंत दीड तास थांब्यावर काढला, वारा बोचरा, बसायला बाक नाही. तिथूनच वाईला आत्याला फोन लावला. नव्वदीच्या पुढची आहे, पण आठवण लख्ख. विचारलं, "आत्या, आजी लहानपणी प्लेगच्या झोपडीत राहिली ना, ती जागा कुठली गं?"

"अगं, ओढ्यापलीकडचा माळ तो. म्हसोबाच्या वर," ती म्हणाली. "तिथं आता मंगल कार्यालय झालंय. तुझ्या धाकट्या भावाचं लग्न तिथंच नाही का लागलं?"