पान एक, पान बत्तीस

"पाक एकतारी होत आला की कोलंबी घालून दोन वाफा काढाव्या." आईने हे मोठ्यांदा वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू रव्याच्या लाडवांत कोलंबी मीच घातली होती. म्हटलं तर मीच घातली होती.

झालं होतं असं, की आईची पंचाहत्तरी तोंडावर आली होती. शाल, चांदीची वाटी वगैरे साठीलाच देऊन झालेलं. तिकडे भाच्यांचे सारखे फोन, "मावशी, आजी सोड्यांची खिचडी कशी करते गं?" सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. आजीला विचारावं तर तिच्याकडे सगळ्याला एकच माप, 'अंदाजाने'. तेव्हा ठरवलं, तिच्या पाककृतींची छोटीशी पुस्तिका काढायची. दोन महिने दर रविवारी मुलुंडहून दादरला जाऊन तिच्या तोंडून एकेक पदार्थ उतरवून घेतला आणि वर्डमध्ये टाइप केला. पान लहान ठेवलं, ए-फोरच्या निम्मं. मुखपृष्ठ धरून एकोणतीस पानं भरली. स्क्रीनवर सगळं कसं शहाण्यासारखं होतं, एकाखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं.

मग मी कागदाच्या वाटेला गेले.

फोर्टात ऑफिसच्या खालीच झेरॉक्सवाला आहे. त्याला म्हटलं, एका कागदावर दोन-दोन पानं, पाठपोट. त्याने दिली. घरी येऊन आठही कागद एकात एक घातले, मधोमध दुमडले, झाली पुस्तिका! उघडून पाहते तर मुखपृष्ठाच्या जागी दुसरं पान, तिसऱ्यासमोर सहावं, सातव्यासमोर दहावं. लाडवांचा पाक तिसऱ्या पानाच्या तळाशी उकळत होता आणि सहाव्याच्या माथ्यावर कोलंबी तयारच होती. पुढे तर उकडीच्या मोदकांची उकड झाकून ठेवायची आणि 'सोडे कोमट पाण्यात भिजत घालावे'. आईला कोलंबीचं एक वेळ चाललं असतं. नैवेद्यात सोडे मात्र फारच झालं.

चूक कुठे झाली ते मला पुढच्या रविवारी गाडीत कळलं. मुलुंडला चक्क खिडकी मिळाली होती. पर्समधून एक कोरा कागद काढला, फाडून दोन तुकडे केले, एकात एक घालून दुमडले. छापखान्यात याला डमी म्हणतात. मग पुस्तकासारखी पानं उलटत पेनाने आकडे घातले, एक ते आठ. आणि ते दोन तुकडे सोडवून मांडीवर पसरले. एकाच्या शेजारी आठ. त्याच्या पाठीवर दोन आणि सात. दुसऱ्या तुकड्यावर सहा आणि तीन, पाठीवर चार आणि पाच. पुन्हा पाहिलं. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ!

समोरच्या बाईंनी मान पुढे काढून विचारलं, "भिशीच्या चिठ्ठ्या का?"

"नाही हो, पुस्तक आहे," मी म्हटलं. त्यांनी सहानुभूतीने खिडकीबाहेर पाहिलं.

म्हणजे बत्तीस पानांच्या पुस्तिकेत बेरीज तेहतीस. पहिल्या पानाचं बिऱ्हाड बत्तिसाव्याच्या शेजारी, दोनाचं एकतिसाव्याच्या. वाचणाऱ्याच्या लेखी जी पानं एकमेकांपासून सर्वांत लांब, तीच एका कागदावर भिंतीला भिंत लावून राहतात. सोळा आणि सतरा तेवढी भाग्यवान, अगदी मधल्या कागदावर. वाचतानाही शेजारी आणि छापतानाही. बाकी सगळा चाळीचा मामला.

पोथीला ही भानगड नाही. सुटी पानं, घडी नाही, शिवण नाही. वाचून झालं की पान वर उलटायचं आणि पुढे जायचं. फक्त वारा सुटता कामा नये. घडी आली आणि हिशोब आला. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हाच्या मोठ्या कागदांवर आठ-आठ, सोळा-सोळा पानांचा फर्मा लावणारी माणसं हा हिशोब डोक्यात ठेवून शिशाची पानं मांडत. त्यातली निम्मी एकमेकांकडे डोकं करून, म्हणजे उलटी. वर खिळ्यांवरची, म्हणजे शिशाच्या टाइपांवरची, अक्षरं मुळातच उफराटी. मला दोन तुकड्यांत घाम फुटला होता.

वर्डला अर्थात हे सगळं येतं. मार्जिनच्या खिडकीत 'मल्टिपल पेजेस' म्हणून एक खाना असतो, त्यात 'बुक फोल्ड' निवडलं की कागद आपोआप आडवा होतो आणि छापताना बत्तीसच्या शेजारी एक आणून बसवायचं काम तो मुकाट्याने करतो. तिथेच 'गटर' नावाचा एक रकाना आहे. घडीत अक्षरं गडप होऊ नयेत म्हणून आतल्या बाजूला सोडायची जास्तीची जागा ती. मुंबईत राहून, तेही जुलैत, 'गटर वाढवा' हे वाक्य शांतपणे वाचणं सोपं नाही. मी वाढवलं.

फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पुन्हा त्याच मुलाकडे गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता, त्याने दुसरा लावून घेतला आणि एकोणतीस पानांची चौतीस झाली. बिरड्याची उसळ पुढच्या पानावर गेली, तिने साटोऱ्यांना ढकललं, साटोऱ्यांनी कानवल्यांना. संध्याकाळी सहाची कल्याण फास्टच. घरून पीडीएफ करून आणायला हवी होती, म्हणजे फॉन्ट आतच बसून येतो. दुसऱ्या दिवशी तशी आणली.

"आंटी, लाँग एज की शॉर्ट एज?"

आंटीला काय ठाऊक! साध्या पाठपोट कागदाला लाँग एज असतं एवढं ऐकून होते, तेच ठोकून दिलं. छापून आलं तर प्रत्येक कागदाची मागची बाजू शीर्षासनात. कागद आडवा, घडी आखूड कडेला समांतर, म्हणजे उलटायचाही आखूड कडेवरूनच, शॉर्ट एज. सांगितल्यावर सोपं वाटतं. तो मुलगा म्हणाला, "मला वाटलंच होतं." वाटलं होतं तर बोलायचं होतं रे बाबा!

तिसऱ्या खेपेला जमलं. पंचवीस प्रती, आठ कागदांप्रमाणे दोनशे कागद. या ए मापांचं मला फार कौतुक वाटतं. १९२२ साली जर्मनीत ठरलेलं हे गणित. ए-फोर मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो आणि त्याची ठेवण तीच राहते. फुलस्केप दुमडून पाहा, वेगळाच चेहरा निघतो. ए-झीरो बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक ए-फोर पाच ग्रॅमचा. एक पुस्तिका ४० ग्रॅम, सगळ्या मिळून एक किलो. आईला हे सांगितलं. तिला पहिल्यांदाच माझ्या कामात नीट माप दिसलं असावं.

पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. "शेवटची तीन पानं कोरी का?"

"कागदाला चार पानं असतात, आई. एकूण चाराच्या पाढ्यातच यायला हवीत. एकोणतीसनंतर बत्तीस."

"मग तीन पानांचं काहीतरी सांगितलं असतं की मी. कागद काय फुकट येतो?"

राहता राहिली पिन. साधा स्टेपलर कडेपासून मधल्या घडीपर्यंत पोचतच नाही, त्याला लांब हाताचा लागतो. तो अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणेपर्यंत आईने एक प्रत ओढून घेतली. दाभणाने घडीवर तीन भोकं पाडली, सुईत गोधडीचा जाड दोरा ओवला. बाहेरून मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, मधलं सोडून थेट खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर आणि गाठ. दोन मिनिटं लागली नसतील. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "शिकायचंय काय त्यात? शाळेच्या वह्या तशाच शिवायचो." उरलेल्या चोवीस प्रतींना मी पिना मारल्या, त्यातल्या सहा-सात तिरक्या.

पंचाहत्तरी छान झाली. पुस्तिका वाटल्या, सगळ्यांनी चाळल्या, सगळ्यांनी सोड्यांची खिचडी आधी शोधली. आठवड्याने धाकट्या मावशीकडे गेले तर तिची प्रत ओट्यावर, हळदीच्या बोटांची, उघडी पडलेली. पान तीस आणि एकतीस. दोन्ही गच्च भरलेली, निळ्या बॉलपेनने, मावशीच्या बारीक अक्षरात. वर अधोरेखित मथळा होता, 'रव्याचे लाडू (बरोबर कृती)'.

"ताईला सांगू नकोस," मावशी म्हणाली. "आणि बत्तिसावं पान अजून रिकामं आहे, तिच्या निनावाच्या कृतीबद्दल मला जरा लिहायचंय."