करडईच्या माव्यातले लाल पुंजके

माझ्या प्रयोगातला मावा, म्हणजे पिकाचा रस पिणारा बारीक किडा, आमच्याच रानातला, बार्शीकडचा. थंडीत आभाळ आलं की करडईच्या शेंड्यांवर काळ्या मण्यांसारखा गच्च बसतो. अण्णांनी शेंडे खुडून कागदी पिशवीत घालून दिले, मी रात्रीच्या एसटीने पुण्याला आणले आणि पोचल्या पोचल्या अॅसिटोनमध्ये टाकले.

मला पाहायचा होता तो त्या माव्याच्या पोटातला जिवाणू, बुक्नेरा. मावा झाडाचा गोड रस पितो. त्यात साखर भरपूर, पण किड्याला स्वतःला बनवता न येणारी दहा अमिनो आम्लं अगदी तुटपुंजी. ती हा जिवाणू पुरवतो. त्याबदल्यात माव्याने त्याच्यासाठी खास पेशीच राखून ठेवलेल्या असतात. पाउल बुक्नर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचं नाव त्याला 1991 साली मिळालं. 2000 साली जपानी संशोधकांनी वाटाण्यावरच्या माव्यातल्या बुक्नेराचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला, तो जेमतेम 6.4 लाख अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा साधारण 46 लाखांचा असतो. एवढी जनुकं सोडून दिल्यावर बुक्नेराला माव्याबाहेर जगणंच उरलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या थाळीत तो वाढत नाही, म्हणून किड्याच्या आतच गाठावा लागतो.

त्यासाठी त्याच्या आरएनएला नेमका चिकटणारा, लाल चमकणारा शोधक रेणू, म्हणजे प्रोब, वापरतात. पण करडईचा मावा काळा, आणि त्याचं रंगद्रव्य स्वतःच चमकतं! प्रोब न घातलेला नमुनाही तितकाच लाल दिसायचा. असे तीन महिने गेले. कुणी म्हणालं, वाटाण्याचा फिकट मावा घे, तो सोपा आहे. मला ते पटेना. अण्णांच्या पिकावर बसतो तो हाच. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या अल्कोहोलमध्ये नमुने ठेवले आणि रोज द्रावण बदलत राहिले. हळूहळू काळे मणी तांदळाच्या कण्यांसारखे पांढुरके झाले.

त्या गुरुवारी सकाळी अंधाऱ्या खोलीत पहिली काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. निळ्या रंगात पेशींची केंद्रकं, आणि आईच्या पोटात एकामागे एक लागलेली भ्रूणं. या दिवसांत मावा नराशिवाय थेट पिल्लंच घालतो. प्रत्येक भ्रूणात लालभडक पुंजका होता. मोठ्या भ्रूणांच्या पोटात तर त्यांच्या स्वतःच्या लेकींची सुरुवातही झालेली. आजी, आई, नात, तिघी एकाच काचेवर. मग एक अगदी कोवळं भ्रूण सापडलं, पोकळ चेंडूसारखं. त्याच्या एका टोकाशी लाल कण आत शिरत होते. आईची पेशी जिवाणू बाहेर टाकते आणि भ्रूण त्यांना तिथूनच आत घेतं, हे 2012 साली वाटाण्याच्या माव्यात दाखवलं गेलं होतं. मी ते वाचून पाठ केलेलं होतं, तरी डोळ्यांत पाणी आलं.

फोटो काढला, पण कुणालाच बोलावलं नाही. आधी प्रोब न घातलेली काच पाहिली. काळोख. मग आरएनए कापून टाकणारं विकर (एन्झाइम) घातलेली, कारण आरएनएच नसेल तर प्रोबला चिकटायला काही उरत नाही. तिथेही काळोख. तो काळोख मला लाल रंगाइतकाच सुंदर वाटला. तेव्हा कुठे बाहेर येऊन सगळ्यांना हाका मारल्या.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग ह्या जंतूवरच औषध काढ की."

सूचना रास्त होती. प्रतिजैविक दिलं की मावा खुरटतो, त्याला पिल्लं फारशी होत नाहीत, हे प्रयोगशाळेत दिसतंच. पण तेच रानात फवारलं तर मातीतले उपयोगी जिवाणू मरतील आणि औषधाला न जुमानणारे उरतील. मी म्हटलं, "अण्णा, फवारायचं नाही. कोवळ्या भ्रूणात जंतू ज्या वाटेनं शिरतो ना, ती वाट नेमकी कशानं उघडते ते शोधायचंय. तेवढीच बंद करता आली पाहिजे."

"किती वरसं लागतील?"

"दहा तरी."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. शेंडे अजून लागतील का? उद्या पहाटेच खुडतो."

"लागतील. पण दव सुकल्यावर खुडा, ओले नकोत."