रिकाम्या गाडीचा फोकस

जून लागला की माझ्याकडं गोवा लाइनवाले यायला सुरुवात होते. वाटेतल्या चोर्ला घाटात धुकं उतरलं की बोनेटपुढचं दिसत नाही, मग सगळ्यांना लाइट आठवतात. बेळगावात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करून माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हे पावसाळी गिऱ्हाईक तोंडपाठ झालंय.

यंदा एक मामा आले, बोलेरो घेऊन. रोज रात्री मागच्या सीट घडी करून भाजीचे क्रेट भरायचे आणि गोवा गाठायचं. टपावर ऑनलाइन मागवलेला एलईडी बार, खोक्यावर छापलेलं ३०० वॅट. म्हणाले, "मेस्त्री, एवढा लाइट हाय तरी कणकुंबीच्या म्होरं कायबी दिसंना." दिसणार कसं? टपावरचा उजेड डोळ्याच्या लायनीतनंच धुक्यात घुसतो, पाण्याच्या थेंबांवर आपटून परत आपल्याच तोंडावर येतो, समोर नुसती पांढरी भिंत. वरनं तो बोनेटवर पडून चमकतो ते वेगळंच. वॅट बघून लाइट घेणारे लोक आणि वॅट सांगून विकणारे दुकानदार, दोघांनाही एक रात्र जांबोटीच्या पुढं सोडून यावं असं मला वाटतं. बघायचं असतं काच आणि रिफ्लेक्टर, उजेड कुठं पसरतो आणि वर कुठं कापला जातो ते.

बार काढला. बंपरवर खाली दोन फॉग लॅम्प लावले, रुंद चपटा उजेड, वरची कड सुरीनं कापल्यासारखी. ५५-५५ चे हॅलोजन, म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर. एवढा करंट साध्या स्विचमधनं नेला तर स्विच तापून वितळायची भीती, पण नेणारे नेतात. मी रिले टाकला, म्हणजे मोठा करंट स्विचमधनं न जाता बाहेरनंच जातो, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, वायरींवर स्लीव्ह. मग फोकस. सपाट जागा, भिंतीपासून टेपनं मोजून १० मीटर, चारी टायरची हवा बरोबर, लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मारली आणि उजेडाची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली आणली. नट आवळून त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, हलला तर कळावं म्हणून. खरं सांगतो, काम बघून मलाच बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी मामा मुद्दाम थांबले, पोराच्या हातात भज्यांचा पुडा. "मेस्त्री, लाइट एक नंबर! समोरचे सगळे थांबतात की!" आणि मग बोलता बोलता, "परवा जांबोटीकडं एक बाइकवालं पोरगं गटारात गेलं, नवशिकं हुतं वाटतं. आमीच उचललं त्याला, लागलं नाय फारसं."

भजी हातातच राहिली.

गाडी भरलेलीच होती, तशीच भिंतीसमोर लावली. उजेडाची कड खडूच्या रेघेच्या खाली नाही, जवळपास चार बोटं वर! मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, माल घातल्यावर ५ सेंटिमीटर बसले होते आणि बोलेरोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर पावणेतीन मीटरच्या आत, म्हणजे नाक एवढं वर झालं की १० मीटरवर उजेड १८-१९ सेंटिमीटर चढतो. मी १० खाली ठेवला होता. हिशेब शाळेतल्या पोराचा आहे. आणि गाडी रोज भरून जाते हे मला मामांनी पहिल्याच वाक्यात सांगितलेलं. मी रिकामी गाडी लावून फोकस केला, कारण भरलेली गाडी दुकानात येते कुठं, आणि सगळे तसंच करतात, मीही तसंच शिकलो.

पोरगं आमच्या उजेडानंच गेलं का, माहीत नाही. पाऊस होता, वळण होतं. पण समोरचे थांबत होते ते कौतुकानं नव्हे, हे मामांना सांगितलं तर हसायलाच लागले.

भरल्या गाडीवर फोकस खाली घेतला, नवी पिवळी रेघ मारली, पैसे घेतले नाहीत. मामा कुरकुरले, "आता लांबचं दिसंना बघा." म्हटलं, लांबचं बघायला अप्पर आहे, हे धुक्यासाठी. तेव्हापासून मालाच्या गाडीला मी आधी विचारतो, भरून आणा, नाहीतर मागं पोरं बसवतो.

गेल्या आठवड्यात पिरनवाडीच्या फाट्यावर ती बोलेरो उभी दिसली, मामा चहाला गेले असावेत. वाकून बघितलं. डाव्या लॅम्पच्या नटावरची पिवळी रेघ तुटली होती, अर्धी नटावर, अर्धी ब्रॅकेटवर, मध्ये बोटभर अंतर. घाटातल्या खड्ड्यांनी एवढं फिरत नाही, पाना लावावा लागतो.