अयुथयात काय काय सोडलं

लग्न जमवताना पत्रिका बघतात, पगार विचारतात, मुलगा चहा घेतो की कॉफी हेसुद्धा विचारतात. देवळात गेल्यावर तो पाटी वाचत उभा राहतो की पायरीवर टेकतो, हे कुणी विचारत नाही. ते कळायला अयुथयापर्यंत जावं लागलं.

बँकॉकला गेलेली आपल्याकडची नवी जोडपी पट्टायात आणि मॉलमध्ये रमतात. आम्हीही रमलो. मधला एक दिवस मात्र अयुथया या थायलंडच्या जुन्या राजधानीसाठी राखला होता. बँकॉकच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटर. 1351 मध्ये वसलेलं, अयोध्येचं नाव घेतलेलं हे शहर चारशे वर्षं नांदलं आणि 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजेनं जाळलं. पंख्याच्या डब्यात, उघड्या खिडकीशी बसून आम्ही निघालो. सोबत रुखवतातले उरलेले बेसनाचे लाडू. स्टेशनातून सरळ चालत गेलं की नदी लागते, होडी चुटकीसरशी पलीकडे सोडते. तीन नद्यांच्या मधोमध बसलेलं हे बेटच. सायकली भाड्यानं घेतल्या. खड्डा आला की माझा हिरवा चुडा असा वाजायचा, की घंटी वाजवायची गरजच पडली नाही.

वाट महाथातला (थाईत ‘वाट’ म्हणजे बौद्ध देऊळ) झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं बुद्धाचं दगडी मस्तक आहे. त्याच्याबरोबर फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा उंच नको. लग्नात तासन्‌तास उभं राहून फोटो काढून घेतलेले आम्ही तिथं उकिडवे बसून हसलो. आजूबाजूला मात्र ओळीनं बिनडोक्याच्या मूर्ती. काहींची डोकी युद्धात गेली, काहींची नंतर चोरांनी उतरवून विकली. त्या ओळीसमोर आपण कशाला हसतोय, असं क्षणभर वाटलंच.

नवरा प्रत्येक पाटी वाचतो. नुसती वाचत नाही, वाचून झाली की मला सांगतो. वाट फ्रा सी सनफेतला, राजवाड्याच्या आवारातल्या त्या तीन प्रसिद्ध स्तूपांपाशी, त्यानं सांगितलं की इथं सोन्यानं मढवलेली 16 मीटर उंचीची बुद्धमूर्ती होती आणि सोनं काढून घेण्यासाठी तिला आग लावली गेली. मी सावली शोधत होते. पण माझा हात आपोआप गळ्यातल्या कोऱ्या मंगळसूत्राकडे गेला, हे त्यानंही पाहिलं.

दुपारी ऊन डोक्यावर आलं आणि खरा प्रश्न उभा राहिला. एका दिवसाच्या सहलीत काय बघायचं हे सोपं असतं; काय सोडायचं, तिथं संसार सुरू होतो. त्याला हवं होतं चाओ साम फ्राया संग्रहालय. वाट राचबुरानाच्या तळघरात 1957 मध्ये चोर शिरले, त्यांच्या हातून वाचलेलं सोनं तिथं मांडलंय. मला हवं होतं नदीपलीकडचं वाट चायवत्थनाराम. राजा प्रासाद थोंगनं ते 1630 मध्ये बांधायला घेतलं, आईची आठवण म्हणून. दोन्ही होणं शक्य नव्हतं. तो ‘तुला जे हवं ते’ म्हणाला, मी ‘नाही, तुला हवं ते’ म्हणाले. असल्या सौजन्यात अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात संग्रहालयाचा निदान एक मजला झाला असता. शेवटी नदी जिंकली. म्हणजे मी.

तिथं भाड्यानं घेतलेला पारंपरिक थाई पोशाख घालून मुली फोटो काढत होत्या. मध्ये उंच शिखर, भोवती छोटी शिखरं, खाली चाओ फ्राया नदीचं मातकट पाणी. मी पायरीवर बसले. तो पाटीकडे गेला, आणि बऱ्याच वेळानं येऊन शेजारी टेकला. पुढं बँकॉक वसवताना इथल्याच विटा नदीतून वाहून नेल्या म्हणे. एक लाडू फोडून दोघांत घेतला.

येताना रस्त्यावर ‘रोती साय माय’ घेतली. बुढ्ढीके बाल पातळ पोळीत गुंडाळले तर जे होईल, तेच. परतीच्या गाडीत बोटं चिकट झाली होती, तरी नवरा मोबाईलवर संग्रहालयाची माहिती वाचत होता. मोठ्यानं.

रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारलं, “काय काय पाहिलंत गं?” मी म्हटलं, “सगळं पाहिलं, आई.” शेजारून लगेच आवाज आला, “सगळं नाही. संग्रहालय राहिलं, वाट राचबुराना राहिलं, जपानी वस्ती राहिली...”

सासूबाई म्हणाल्या, “ह्याचे बाबा अगदी अस्सेच आहेत.”